लेओकादीच्या कपाटातले पासपोर्ट

लेओकादी ओवांगा आमच्या कंपनीत इंग्रजांना माणसात आणायचं काम करायची. हे शब्द तिचेच. कागदोपत्री तिचा हुद्दा वेगळाच होता, पण तो इतका लांबलचक की कुणी तो वापरायचंच नाही.

समुद्रातल्या तेलविहिरींची यंत्रं दुरुस्त करायचं कंपनीचं काम. वर्षाला वीस-पंचवीस इंग्रज विलायतेहून यायचे, कुणी एकटे, कुणी बायकामुलांसकट. त्यांना विमानतळावर आणायला मी गाडी घेऊन जायचो आणि माझ्या शेजारच्या सीटवर लेओकादी बसलेली असायची. मी फिदेल, कंपनीचा ड्रायव्हर, आतल्या डोंगराकडचा. ती इथलीच, मांजी बेटावरची. पोर्त-झांती शहर याच बेटावर वसलंय आणि तिथं यायला तेव्हा रस्ता नव्हता. विमानानं या, नाहीतर बोटीनं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला याया म्हणायचो. थोरल्या बहिणीला आमच्याकडे तसंच म्हणतात. ती मला धाकट्या म्हणायची, माझे केस पिकल्यावरसुद्धा.

तिचे वडील एका इंग्रज लाकूडव्यापाऱ्याकडे नदीतून येणारे ओंडके मोजायला होते. त्या व्यापाऱ्याच्या बायकोला बोलायला कुणी नव्हतं, म्हणून तिनं या पोरीला इंग्रजी शिकवलं. तेच इंग्रजी पुढं लेओकादीच्या पोटापाण्याला उपयोगी पडलं.

गाडी विमानतळाच्या फाटकातून बाहेर पडली की ती मान वळवून सुरू व्हायची.

"लग्नाचा दाखला आणलाय? फ्रेंच भाषांतरासकट? त्याच्यावर तिकडचा शिक्का आहे? नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मी आजपासूनच रडायला लागते."

नवरा बायकोकडं बघायचा, बायको बॅगेकडं.

"पांढऱ्या भिंतीपुढं काढलेले सहा फोटो. फोटोत हसायचं नाही. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड कायम जवळ ठेवायचं. तुमचा गाडीचा परवाना सुरुवातीचे काही महिने चालेल, मग आमचा काढावा लागेल, आणि त्या परीक्षेत हा फिदेल दोनदा नापास झालाय."

"एकदा, याया."

"दोनदा. बंदराचा फोटो काढायचा नाही, पोलिसांचा काढायचा नाही, सरकारी इमारतीचा तर मुळीच नाही. समुद्राचा काढा, तो तक्रार करत नाही. विमा असा घ्या की वेळ आली तर तुम्हाला आडवं उचलून विमानात घालेल, कारण मोठ्या ऑपरेशनला बेट सोडावं लागतं. तुमचा दूतावास या देशात नाही, शेजारच्या देशात आहे. तेव्हा काही झालं तर आधी मला फोन करायचा. आणि कुठल्याही खिडकीपुढं उभं राहिलात की पहिल्यांदा 'म्बोलो' म्हणायचं, म्हणजे नमस्कार. समोरच्याची तब्येत विचारायची. त्याच्या आईची विचारायची. मग कागद पुढं करायचा. हे केलं नाहीत तर तुमचे सगळे कागद बरोबर असूनसुद्धा चुकतील."

हे सगळं तिनं चार पानांवर टाईप करून ठेवलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात ती ते द्यायची. त्यातलं पहिलंच कलम असं होतं: आल्या दिवशी आपला पासपोर्ट मिसेस ओवांगांकडे द्यावा. राहण्याचं कार्ड काढायला तो काही आठवडे लागायचाच. पण कार्ड हातात आल्यावरही पासपोर्ट परत जायचा नाही. हरवू नये म्हणून तो तिच्या टेबलामागच्या हिरव्या लोखंडी कपाटात राहायचा. कुणी सुट्टीवर निघालं की कंपनीचं पत्र लागायचं, त्या पत्रावर देशाबाहेर जायचा शिक्का मिळायचा, आणि ती धावपळ लेओकादीच करायची. लोकांच्या डोक्याला ताप नव्हता. अकरा वर्षांत एकही पासपोर्ट इकडचा तिकडं झाला नव्हता, याचा तिला फार अभिमान. कपाटाची किल्ली ती गळ्यातल्या साखळीत घालून फिरायची.

तिचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. "मला कुठं जायचंय?" म्हणायची. "मी तर राजधानीसुद्धा पाहिलेली नाही."

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात ग्लेनिस प्रॉसर आली. कंपनीच्या दवाखान्यात नर्स म्हणून. वेल्सकडची, चव्वेचाळीस वर्षांची, अंगानं भरलेली, चालायला भारी झपाट्याची. नवऱ्यापासून वेगळी झालेली. गाडीत लेओकादीचं पुराण ऐकता ऐकता तिनं मधेच विचारलं, "पासपोर्ट मी माझ्याकडंच ठेवला तर?"

"ठेवा की. मग चौकीतून सोडवायला मात्र मला बोलवू नका."

ग्लेनिस हसली आणि पासपोर्ट काढून दिला. माझ्याकडं सुरक्षित राहील, असं लेओकादीनं तिला सांगितलेलं मी कानांनी ऐकलंय.

दोघींचं जमलं. रविवारी ग्लेनिस तिच्याकडं जेवायला यायची. लेओकादीचं घर कंपनीच्याच वसाहतीत होतं. नवरा अनाक्ले कंपनीच्या आवारात क्रेन चालवायचा. फारसा न बोलणारा माणूस. दारात सोंगट्यांचा पट मांडून बसायचा आणि माझ्याशी खेळायचा. आत बायका गरम पाण्यात आतांगा मऊ करत बसायच्या. जांभळं फळ आहे ते, मिठाबरोबर खातात. ग्लेनिसला पहिल्यांदा ते साबणासारखं लागलं होतं. पुढं पुढं एका बैठकीत दहा खायची.

आमच्याकडच्या रीतीप्रमाणे जूनमध्ये पाऊस संपला, कोरडा मोसम लागून आभाळ राखाडी झालं, आणि त्याच आठवड्यात तेओदुल भाजला.

तेओदुल हुन्सू हा बेनँ देशातून कामाला आलेला वेल्डर. या बेटावर त्याचं कुणी नव्हतं. नळांना दाब देऊन तपासायचं काम चालू होतं, एक झडप फुटली आणि उकळतं तेल त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर आलं. मीच त्याला दवाखान्यात नेला. तो ओरडत नव्हता, गाडीभर नुसता दात आवळून बसला होता. ग्लेनिसनं सहा तास त्याला सोडलं नाही. मग तिनं दवाखान्याच्या वहीत लिहिलं: झडप गळते अशी तक्रार याच आठवड्यात दोनदा झाली होती, तरी काम चालू ठेवायला सांगितलं, असं जखमीचं आणि बरोबरच्या दोघांचं म्हणणं. तिला वाटलं ते नाही, तिनं ऐकलं ते लिहिलं.

आमचे संचालक रेडफर्न साहेब. दोन दिवसांनी त्यांनी तिला बोलावलं. पुढच्या महिन्यात तपासणीला माणसं यायची होती. पान नव्यानं लिहा, म्हणाले. कामगाराच्या निष्काळजीपणामुळं अपघात, एवढं पुरे.

ती नाही म्हणाली. त्यांनी आठवडाभर विचार करायला दिला. आठवड्यानं तिनं राजीनामा दिला.

"तुमचा करार जानेवारीपर्यंत आहे," साहेब म्हणाले. "बाहेर जायचं पत्र हवं असेल तर आधी ते पान नीट करा. मग बघू."

तिथून ती सरळ लेओकादीच्या टेबलाशी आली. मी तिथं गाडीच्या फेऱ्यांची वही भरत बसलो होतो.

"लेओकादी, माझा पासपोर्ट द्या."

लेओकादीचा हात आपसूक गळ्यातल्या किल्लीकडं गेला. "साहेबांची चिठ्ठी लागते," ती म्हणाली.

"पासपोर्ट माझा आहे."

"हो. पण नियम आहे. चिठ्ठीशिवाय मी कधीच कुणाला दिला नाही."

"तुम्ही म्हणाला होतात, तुमच्याकडं सुरक्षित राहील."

"सुरक्षितच आहे."

"कुणापासून?" ग्लेनिसनं विचारलं.

लेओकादी टेबलावरचे कागद सारखे करायला लागली. ग्लेनिस निघून गेली. त्या रविवारी ती जेवायला आली नाही.

पुढचे तीन आठवडे मी त्या बाईला बघत होतो. दवाखान्यात तिच्या जागी दुसरी नर्स बसवली होती. ग्लेनिसनं खोलीत बसायचं किंवा चालायचं. सकाळी किनाऱ्याकिनाऱ्यानं दीपगृहाच्या बाजूला जायची, दुपारी परत. एकदा विमानाच्या तिकिटाच्या खिडकीशी गेली. त्यांनी बाहेर जायचा शिक्का मागितला. एकदा धक्क्यावर बोटवाल्याकडं गेली. तोही म्हणाला, मादाम, कागद. शेजारच्या देशातल्या आपल्या दूतावासात फोन लावला. तिथल्या बाईनं मन लावून ऐकलं आणि कंपनीला पत्रही लिहिलं. कंपनीनं अदबीनं उत्तर पाठवलं की कागदपत्रांचं काम चालू आहे. त्या मोसमात देवमासे किनाऱ्याजवळून जातात. लोक बघायला गर्दी करतात. ती त्या गर्दीत उभी असायची, पण तिचं लक्ष देवमाशांकडं नसायचं. एकदा मी गाडी थांबवून विचारलं, सोडू का कुठं? म्हणाली, "कुठं सोडणार, फिदेल? बेट संपतं."

इकडं लेओकादीनं दुपारचं जेवण सोडलं. टेबलाशी बसायची, पण कपाटाकडं पाठ करायची नाही. खुर्ची तिरकी करून बसायला लागली. एक दिवस गाडीत म्हणाली, "धाकट्या, त्या कपाटात किती पासपोर्ट आहेत ठाऊक आहे? सदतीस. सगळे मीच गोड बोलून घेतलेत. मला वाटायचं मी यांची आई. मी यांची तुरुंगवाली निघाले."

"नियम तू केलेला नाहीस, याया."

"टाईप कुणी केला?"

मी गाडी तिच्या घराकडं वळवली. घरी पोचलो तर अनाक्ले दारात पट मांडून बसला होता. तिनं उभ्याउभ्याच त्याला सांगितलं, मी तिचा पासपोर्ट देणार आहे.

अनाक्लेनं हातातली सोंगटी खाली ठेवली. "घर कुणाचं?"

"कंपनीचं."

"क्रेन कुणाची? तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठून येतात? ती बाई विमानात बसून जाईल. आपण कुठं जायचं, समुद्रात?"

"तुला कुणी कोंडून ठेवलेलं नाही, म्हणून तुला कळत नाही."

"मला?" त्याचा आवाज चढला. एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "एकोणीस वर्षं मी त्या क्रेनच्या पेटीत बसतोय, लेओ. पाय पसरायला जागा नाही त्यात. कोंडणं मला शिकवू नकोस."

ती आत गेली. त्यानं सोंगट्या गोळा केल्या आणि म्हणाला, "फिदेल, तू जा."

तिनं लगेच काही केलं नाही. भीती वाटत होती, हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं. पण नियमांची तिच्याइतकी माहिती बेटावर दुसऱ्या कुणाला नव्हती, आणि ते डोकं तिला स्वस्थ बसू देईना. सोमवारी सकाळी ती गाडीत बसली आणि म्हणाली, "सुट्टीवर जाणाऱ्याला कंपनीचं पत्र लागतं. कायमचं जाणाऱ्याला लागत नाही."

"म्हणजे?"

"राजीनाम्यावर कामगार निरीक्षकाचा शिक्का. कर भरल्याचा दाखला. राहण्याचं कार्ड जमा केल्याची पावती. तिन्ही असली की झालं. आजवर कुणी केलं नाही, कारण सगळ्यांचं मीच करून द्यायची. गाडी ग्लेनिसकडं घे."

ग्लेनिसनं दार अर्धवटच उघडलं. लेओकादी म्हणाली, "मी माफी मागायला आले नाही, आत्ता त्याला वेळ नाही. दवाखान्याची वही अजून तिथंच आहे ना?"

"आहे."

"नव्या नर्सला कॉफी प्यायला बाहेर ने. फिदेल वही घेईल, आपण नगरपालिकेत जाऊ, त्या पानाच्या प्रती काढून त्यावर खरी नक्कल म्हणून शिक्का मारून घेऊ. अर्ध्या तासात वही जागेवर. दोन प्रती. एक तेओदुलला, एक तुझ्या अंगावरच्या कपड्यात."

आयुष्यात मी पहिल्यांदा दवाखान्यातून काही उचललं. माझे हात एवढे घामेजले होते की वहीच्या पुठ्ठ्यावर बोटांचे डाग पडले. नगरपालिकेतल्या बाईनं पान वाचलंसुद्धा नाही. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवली, ओळींवरून बोट फिरवलं, शिक्का मारला, आणि लेओकादीच्या सासूची तब्येत विचारली.

त्याच आठवड्यात ते पान वहीतून ब्लेडनं कापलेलं निघालं. फार उशीर झाला होता त्यांना.

मग नऊ दिवस गेले. रोज जेवणाच्या सुट्टीत लेओकादी गाडीत बसायची, वाटेत ग्लेनिसला घ्यायची, आणि आम्ही एका खिडकीपुढून दुसऱ्या खिडकीपुढं. मी कंपनीत सांगायचो, गाडीचा ब्रेक दाखवायला नेतोय. करवाला माणूस अंत्यविधीसाठी गावी गेलेला. त्याच्यात तीन दिवस गेले. कामगार निरीक्षक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी राजीनामा वाचला, चष्मा काढला आणि ग्लेनिसला विचारलं, "का जाताय? आमचं बेट आवडलं नाही?"

ग्लेनिसनं मोडक्या फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं. क्रियापदं सगळी चुकली, पण झडप म्हणजे काय ते त्यांना कळलं. तिनं नक्कल काढून दाखवली. निरीक्षकांनी ती दोनदा वाचली, हातानं उतरवून घेतली, आणि राजीनाम्यावर शिक्का मारला. "तो माणूस कुठं आहे?" एवढंच विचारलं.

दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला, कचेरी भरलेली असताना लेओकादीनं कपाट उघडलं. लपूनछपून काही केलं नाही. ग्लेनिसचा पासपोर्ट काढला, नोंदवहीत तारीख घातली, 'मालकिणीला परत' असं लिहिलं, खाली सही केली आणि वही ग्लेनिसपुढं सरकवली. ग्लेनिसनं सही केली.

कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. रेडफर्न साहेब खोलीतून बाहेर आले.

"मिसेस ओवांगा, हे कुणाच्या परवानगीनं केलंत?"

"त्याच्यात जिचा फोटो आहे तिच्या."

"किल्ली द्या."

तिनं साखळी डोक्यावरून काढली. केसात अडकली, तर सोडवायला तिला वेळ लागला, आणि सगळी कचेरी बघत होती. तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

"तुम्ही घरी जा."

"घरही तुमचंच आहे, साहेब. कुठल्या घरी जाऊ?"

तेव्हा जे झालं ते तिनं योजलेलं नव्हतं. दाराजवळ एक इंग्रज फिटर उभा होता, लाल दाढीचा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो पुढं आला आणि म्हणाला, "कपाट उघडंच आहे, तर माझाही देऊन टाका." त्याच्या मागून आणखी एक. साहेब लाल झाले, पण आपल्याच देशाच्या माणसांना आपल्याच कचेरीत नाही कसं म्हणायचं, हे त्यांना सुचेना. दुपारपर्यंत अकरा पासपोर्ट गेले. बाकीच्यांनी मागितले नाहीत. कुणाची पोरं शाळेत होती, कुणाचा करार नवा व्हायचा होता. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

शुक्रवारी दुपारचं विमान होतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं कागद एकेक करून मांडले. "कंपनीचं पत्र?"

"कायमची जातेय," लेओकादी म्हणाली. "पत्र लागत नाही."

"अशी केस मी पाहिलेली नाही."

"म्हणूनच तिन्ही शिक्के आणलेत."

तो गठ्ठा घेऊन आत गेला. घड्याळात चाळीस मिनिटं गेली. विमानाचे पंखे फिरायला लागले. ग्लेनिस भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पार उतरलेला; लेओकादी दाराकडं बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं प्रार्थना करतेय. जवळ गेलो तर ती कागदांची यादी म्हणत होती, काही राहिलं तर नाही ना म्हणून.

अधिकारी बाहेर आला. शिक्का मारलेला होता.

ग्लेनिसनं तिला मिठी मारली. लेओकादी तशीच ताठ उभी राहिली. "राजधानीत उतरलीस की लगेच पुढच्या रांगेत उभी राहा," म्हणाली. "हातातली पिशवी खाली ठेवू नकोस. कुणी उगाच मदत करायला आला तर नको म्हण." ग्लेनिस रडत रडत हो हो म्हणत गेली. विमान दिसेनासं झाल्यावर लेओकादी बाकावर बसली.

कंपनीनं घर सोडायला तीस दिवस दिले. ग्रां व्हिलाज वस्तीत अनाक्लेच्या बहिणीच्या घरामागं एक खोली होती, तिथं ती दोघं गेली. खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. अनाक्लेला कंपनीनं काढलं नाही. ती आणखी वाईट शिक्षा होती असं मला वाटतं. आवाराच्या पार टोकाच्या क्रेनवर टाकलं त्याला, आणि रोज सकाळी त्याच फाटकातून त्याला आत जावं लागायचं. बायकोशी तो चार महिने फक्त 'मीठ' आणि 'पाणी' एवढंच बोलला.

तेओदुलचं प्रकरण निरीक्षकांनी लावून धरलं. नक्कल होती म्हणूनच ते धरता आलं. राजधानीतल्या इस्पितळात त्याच्या हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं सरळ होत नाहीत ती नाहीतच. चूक आमची, असं कंपनी शेवटपर्यंत म्हणाली नाही. उपचाराचा भार मात्र तिला उचलावा लागला. वर्षअखेरीला तो मायदेशी परत गेला. जाताना लेओकादीला भेटायला आला, अर्धा तास बसला. आता तिकडं पोरांना वेल्डिंग शिकवतो, असं कळलं.

लेओकादीनं नगरपालिकेबाहेर, बदामाच्या झाडाखाली एक टेबल टाकलं. लोकांचे अर्ज भरून द्यायची. हळूहळू नवे इंग्रजही यायला लागले, आधी आलेल्यांनी पाठवलेले. मी अजून कंपनीतच होतो. मला ती नोकरी सोडवली नाही, एवढंच म्हणतो.

दोन वर्षांनी ग्लेनिसचं जाड पाकीट आलं. आमंत्रण, घराचा पत्ता, बँकेचा कागद, सगळं लेओकादीच्याच पद्धतीनं, शिक्क्यांसकट. महिनाभर माझ्याकडं राहायला ये. लेओकादीनं ते पाकीट आठवडाभर कुणाला दाखवलं नाही. मग त्रेपन्नाव्या वर्षी तिनं पहिला पासपोर्ट काढला. फोटोत हसली नाही, पण फोटो हातात आल्यावर खूप हसली. शेजारच्या देशातल्या दूतावासाची बाई महिन्यातून एकदा राजधानीत येऊन व्हिसाची खिडकी उघडायची, तिथं ती विमानानं गेली. जन्मात पहिल्यांदा विमानात बसली.

निरोप आला की परत बोटीनं येतेय. मी धक्क्यावर गेलो. पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली, "नाही म्हणाले."

"का?"

"बाई चांगली होती. सगळे कागद बरोबर होते, धाकट्या. एकही चूक नव्हती. तिनं विचारलं, तुम्हाला परत आणणारं तिथं काय आहे? घर आहे? नाही. नोकरी आहे? नाही. मुलं? झाली नाहीत. नवरा आहे म्हटलं. तर म्हणाली, नवऱ्याला बरोबर नेणार का? मी म्हटलं, तो येणार नाही. ती लिहीत राहिली."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी बेटावर राहते. ती म्हणाली, ते उत्तर होत नाही." ती गाडीत बसली. "एवढी वर्षं मी लोकांना आत-बाहेर केलं. माझ्यासारख्या बाईनं काय लिहायचं, ते मी कधी विचारलंच नव्हतं स्वतःला."

मी तिला घरी सोडलं. नणंद बाजाराला गेली होती. अनाक्लेनं मासा भाजून ठेवला होता. तो स्वयंपाकघरात जातो हे मला माहीतच नव्हतं. मलाही बस म्हणाला. तिनं दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं. त्यानं मान खाली घालूनच ऐकलं.

"बरं झालं," तो म्हणाला.

लेओकादी उठली, त्याच्यापुढची थाळी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. मी दाराकडं बघायला लागलो.

"तू गेलीस तेव्हापासून मला झोप नाही," अनाक्ले म्हणाला. इतकं सलग वाक्य मी त्याच्या तोंडून दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. "मिळाला असता व्हिसा, तर परत आली असतीस?"

ती खिडकीपाशी उभी होती. खिडकीतून दिसायला नुसती शेजारची भिंत.

"ठाऊक नाही," म्हणाली.

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. तिनं थाळी आणून परत त्याच्यापुढं ठेवली, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो. मासा गार झाला होता.